फोटो टाकण्याआधी पान उलटा

"पानं पिवळी पडताहेत, काय करू?" एवढ्या प्रश्नावर बागकामाच्या ग्रुपवर दहा जण दहा खतं सुचवतात, आणि दहाही चुकीची असू शकतात. आधी कुठली पानं, ते बघा. खालची जुनी पानं सरसकट पिवळी होत असतील तर बहुधा नत्र कमी. वरची कोवळी पिवळी पण शिरा हिरव्यागार, तर लोह मिळत नाहीये. बोअरच्या जड, म्हणजे क्षार जास्त असलेल्या पाण्यावर हे बऱ्याचदा होतं. झाड मलूल आणि माती चार दिवस ओलीच, तर मुळं गुदमरलीत. तिथे खत घातलंत तर उरलंसुरलं झाडही जाईल.

पानावर बारीक फिकट ठिपके असतील तर पांढऱ्या कागदावर फांदी झटका. मिरपुडीएवढे कण चालू लागले, की समजा लाल कोळी, म्हणजे पानातला रस शोषणारी बारीक कीड.

म्हणून फोटो तीन हवेत: कुंडीसकट अख्खं झाड, पानाची वरची बाजू, खालची बाजू. सकाळच्या उजेडात, फ्लॅशविना. सोबत कुंडी किती इंची, ऊन किती तास, पाणी आणि खत शेवटचं कधी, हे लिहा. गावही लिहा, नागपूरच्या मे महिन्यातलं पाण्याचं गणित रत्नागिरीच्या जुलैत चालत नाही.

जास्वंदीवरच्या पिठ्या ढेकणाला (कापसासारखी पांढरी दिसणारी कीड) १ लिटर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल. तेल आधी १-२ मिली लिक्विड साबणात घोटा, नाहीतर ते वर तरंगतं आणि पानं भाजतात. संध्याकाळी फवारा, दर ७ दिवसांनी, तीनदा. आणि मुंग्यांची रांग तोडा. ढेकूण फांदीफांदीवर त्याच पोचवतात.