त्रिचूरच्या आण्णांची दिंडी

यंदा आण्णांच्या, म्हणजे माझ्या वडलांच्या, जागी मी चालले. आळंदी ते पंढरपूर, माऊलींच्या पालखीबरोबर, त्यांच्याच दिंडीत. मागच्या हिवाळ्यात आण्णा गेले आणि आषाढीच्या आधी दिंडीच्या महाराजांचा फोन आला, की पोरी तुमची भिशी (दिंडीतल्या जेवण-मुक्कामाचे पैसे) भरलेली हाय, आण्णांनीच गेल्या साली पंढरपुरात भरून ठेवलीय, मग येतीस का. मी लगेच हो म्हणाले.

आमचं मूळ गाव विट्याजवळ, खानापूर तालुक्यात. तिकडं घरटी एखादा माणूस तरी गलाईच्या धंद्याला बाहेर असतो, कोण मद्रासला, कोण दिल्लीला, कोण पार नेपाळात. आण्णा 1972च्या दुष्काळानंतर गेले, मिसरूड पण फुटलं नव्हतं, लांबच्या एका मामाच्या दुकानात केरळात त्रिचूरला. बोललेलं कळत नाही, ज्वारीची भाकरी मिळत नाही आणि गावाकडं थेंब नसताना इथं मात्र पाऊस थांबत नाही. दुकानातच भट्टीशेजारी झोपायचे.

गलाई म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत नसतं म्हणून सांगते. सराफाकडनं मोडीचं सोनं आणायचं, त्यात चांदी मिसळून वितळवायचं, पाण्यात ओतून दाणे करायचे आणि ते दाणे तेजाबात, म्हणजे नायट्रिक ऍसिडमध्ये उकळायचे. चांदी, तांबं सगळं तेजाबात विरघळतं आणि तळाला तपकिरी मातीसारखं जे उरतं ते सोनं. तेच टाकणखार घालून मुशीत परत वितळवलं की पिवळं धमक होतं. या तेजाबानं आण्णांच्या बोटांची टोकं कायम पिवळी असायची, साबणानं घासा नाहीतर राखेनं घासा, जायची नाहीत, ती कातडी गळून नवी आली तरच जायची. वारीवरनं घरी यायचे तेव्हा मात्र बोटं स्वच्छ झालेली असायची. लहानपणी मला वाटायचं चंद्रभागेनं धुतली. खरं तर एवढे दिवस तेजाबापासून लांब राहायचं ते फक्त वारीतच, बाकी वर्षभर सुट्टी नाही, दिवाळीला पण नाही.

एकादशीला बस पकडून गुरुवायूरला जायचे, मुंडू नेसून, उघड्या अंगानं रांगेत, आणि तोंडानं हळू आवाजात हरिपाठ. तिथले लोक बघायचे पण कुणी कधी हटकलं नाही. आषाढीला मात्र इकडंच. जयंती जनता एक्सप्रेसनं पुण्याला यायचं आणि परत जाताना कुर्डुवाडीला तीच गाडी.

आता चालताना मला कळलं की आण्णा आम्हाला निम्मेच माहीत होते. घरी मोजकं बोलणारा माणूस, इथं दिवे घाट चढताना विणेकरी बाबा मला सांगतात की तुझा बाप घाटात अभंग धरायचा तो वर सासवडच्या वाटंला लागंपर्यंत सोडायचा नाही. दिंडीतल्या बऱ्याच जणांचे पैसे त्यांच्याकडं असायचे, कनवटीला वेगळी पुरचुंडी. सोनं सांभाळणारा माणूस, त्याच्याकडं ठेवायला कोण घाबरणार?

वाल्ह्याच्या मुक्कामात समाज आरती झाली. ज्यांनी बघितली नाही त्यांनी एकदा तरी बघावी. सगळ्या दिंड्या पालखीभोवती उभ्या, टाळ-मृदंगाचा नुसता कल्लोळ, आणि चोपदारांनी दंड वर केला की एका क्षणात सगळं गप्प, ज्या दिंडीची काही तक्रार आहे तेवढीच टाळ वाजवत राहते. मग हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू पुकारतात, कुणाचं पाकीट, कुणाची पिशवी, कुणाची चावी. तेव्हा शेजारच्या तुळसवाल्या मावशी म्हणाल्या, इथंच मला एकदा रस्त्यात अंगठी घावली होती. सगळे म्हणाले पितळंची हाय, टाकून दे. मी आण्णांस्नी म्हणलं तुमी बघून सांगा, तुमचाच धंदा हाय. तर त्यांनी हातात पण घेतली नाही. "आपण कशाला कस लावायचा? ज्याची हाय त्याला ती सोन्याचीच," म्हणाले, आणि मावशींना घेऊन थेट चोपदारांकडं. मावशी हे सांगून पुढच्या कामाला लागल्या, मी मात्र आरती संपली तरी तिथंच उभी. आयुष्यभर दुसऱ्याच्या सोन्याचा टंच बघणारा माझा बाप!

पुढं पुरंदवड्याच्या रिंगणात अश्व धावला, लोकं टापांखालची माती कपाळाला लावायला धावली, मीही लावली. पण मला जास्त आठवतंय ते आदल्या रात्रीचं नातेपुतं. तिथल्या मुक्कामाची पंगत आमच्या भागातली गलाईवाली पोरं देतात, ही पद्धत आण्णांनी सुरू केलेली. कोण कोइमतूरहून, कोण मदुराईहून, एक जण तर विजयवाड्याहून आलेला. यातले कितीतरी जण आण्णांनीच गावाकडनं नेऊन भट्टीवर शिकवलेले, पुढं स्वतःचं दुकान टाकायला मदत केलेली. एकानं मला उसळ वाढता वाढता सांगितलं की ताई, माझ्या दुकानाचं पहिलं भाडं आण्णांनी भरलं, परत द्यायला गेलो तर म्हणाले तू पुढच्या पोराचं भर. आणि त्यानं भरलंय. आम्हाला घरी यातलं काहीच ठाऊक नव्हतं, आईला पण नाही.

पंढरपुरात आण्णांच्या रीतीनंच केलं. दर्शनबारीची रांग लांबच लांब, त्यांना गाडी गाठायची असायची म्हणून नामदेव पायरीवर डोकं टेकायचं, कळसाला हात जोडायचे. मी पण तेवढंच केलं आणि मन भरून रडले.

निघायच्या आधी महाराजांकडं पुढच्या वर्षाची भिशी भरली, दोन माणसांची. आई येणार आहे. वय झालंय, सगळं चालणं जमायचं नाही, पण लोणंदपासून पुढं दिंडीच्या ट्रकमधनं मुक्कामाला येईल असं ठरलंय, आणि नातेपुत्याच्या पंगतीत वाढायला ती हवीच असं पोरांनी तिला फोन करून कधीच सांगून टाकलंय.