पाळी चुकली? आधी तारखा मोज

पाळी लांबली की रात्री दोन वाजता मोबाईलवर गरोदरपणाची लक्षणं शोधणं सुरू होतं. मळमळ, थकवा, छाती जड होणं. गंमत अशी की पाळी येण्याआधीही हेच होतं, त्यामुळे त्यावरून काही ठरत नाही. त्यापेक्षा कागदावर दोन तारखा लिही: शेवटची पाळी सुरू झाली तो दिवस आणि संबंध आला तो दिवस.

संबंधाला पाच दिवस उलटले नसतील, तर गर्भ राहू नये म्हणून अजून उपाय आहे. लेव्होनॉर्जेस्ट्रेलची १.५ मिलिग्रॅमची गोळी ७२ तासांच्या आत घ्यायची, जितकी लवकर तितकी बरी. ती बीज बाहेर पडणं लांबवते. बीज आधीच सुटलं असेल तर तिचा फारसा उपयोग नाही. दोन-तीन तासांत उलटी झाली तर पुन्हा घ्यावी लागते. सगळ्यात खात्रीची म्हणजे तांबी, म्हणजेच गर्भाशयात बसवायची कॉपर-टी. ती डॉक्टर पाच दिवसांपर्यंत बसवू शकतात. गोळीनं पुढची पाळी काही दिवस मागेपुढे होते, आणि नेमकी तिथेच अनेकींची झोप उडते.

आता टेस्ट. किट लघवीतलं एचसीजी हे गरोदरपणाचं संप्रेरक शोधतं. ते गर्भ रुजल्यावरच तयार होतं, आणि बीज सुटल्यापासून रुजायला साधारण ६ ते १२ दिवस जातात. म्हणून संबंधानंतर चौथ्या दिवशीच्या ‘निगेटिव्ह’ला काही अर्थ नाही. पाळीची तारीख उलटू दे; पाळी अनियमित असेल तर संबंधानंतर २१ दिवस थांब. सकाळची पहिली लघवी घे, पाकिटावर लिहिलेत तेवढेच थेंब टाक आणि घड्याळ लाव. ‘सी’जवळ रेघ नाही उमटली तर किट बाद. ‘टी’जवळची रेघ फिकी असली तरी वेळेत आणि रंगीत उमटली तर पॉझिटिव्हच धरायची. अर्ध्या तासानं कचऱ्यातून काढून पाहिलेली राखाडी रेघ मात्र वाळल्याची खूण असते. निगेटिव्ह येऊनही पाळी आली नाही, तर आठवड्यानं पुन्हा कर.

पॉझिटिव्ह आली तर आठवडे शेवटच्या पाळीपासून मोजतात: २८ दिवसांचं चक्र आणि पाळी आठवडाभर चुकलेली, म्हणजे पाच आठवडे. “पण संबंध तर तीनच आठवड्यांपूर्वी आला!” हा घोळ इथलाच. गर्भ ठेवायचा की नाही, हे तुझं तू ठरव. मात्र तो गर्भाशयातच आहे ना, हे सोनोग्राफीत कळतं. गर्भाशयाबाहेर, बीजवाहक नळीत रुजला असेल तर गर्भपाताच्या गोळ्या त्यावर चालत नाहीत. ओटीपोटात एका बाजूला तीव्र कळ, खांद्याच्या टोकाशी दुखणं, चक्कर, रक्तस्राव यांतलं काही झालं तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता थेट इमर्जन्सीत जा. ठेवायचा विचार असेल तर रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड आजपासूनच.

डॉक्टरांकडे जाताना तो तारखांचा कागद बरोबर ने. सोबत कुणी असलं तरी, “मला आधी एकटीनं बोलायचंय,” असं खुशाल सांग.