तुम्ही विचारलंत म्हणून: पंजीवर सात बदाम

‘पत्त्यांनी मुलांचं गणित सुधारतं म्हणे. पण घरात पत्ते आणायचे का? आणि आणले तर सुरुवात कुठून करायची?’ पहिली-दुसरीतल्या मुलांचे आईवडील हे नेहमी विचारतात.

आणा, हे पहिल्या प्रश्नाचं उत्तर. कोल्हापुरात पत्ते म्हटलं की पुष्कळांना आधी तीन पानी आठवते आणि आजीच्या कपाळाला आठी पडते, हे खरं आहे. पण राजा, राणी, गुलाम, जोकर बाजूला काढले की एक्का ते दश्शी अशी ४० पानं उरतात. त्यांत पैसा नाही आणि पैजही नाही. इथून आंबोली घाट उतरलं की सावंतवाडी. तिथं गंजिफा, म्हणजे जुन्या पद्धतीचे पत्ते, हातानं रंगवतात. दशावतारी गंजिफाची गोल पानं १२० आणि त्यांवर विष्णूचे दहा अवतार. आजींना हे जरूर सांगा.

आता सुरुवात. पानावर आकडाही असतो आणि तेवढी चिन्हंही असतात, हेच पत्त्यांचं मोठं बळ. आकडा ओळखता आला नाही तरी मूल मोजून सांगू शकतं. पण पहिली गडबडही इथंच होते. बदामाची पंजी मोजायला दिली की बरीच मुलं ‘सात’ म्हणतात. त्यांना मोजता येत नाही असं नाही. कोपऱ्यांत आकड्याखाली जे दोन बारीक बदाम छापलेले असतात, तेही त्यांनी धरलेले असतात. म्हणून खेळायला बसण्याआधी कागदी चिकटपट्टीचे ८० तुकडे कापा आणि प्रत्येक पानाच्या दोन्ही कोपऱ्यांवर लावा. मूल मराठी माध्यमात असेल तर त्यांवर देवनागरी आकडा लिहा. त्यामुळे एक्क्यावरचं इंग्रजी अक्षरही झाकलं जातं. नेहमीच्या कॅटमध्ये दुसऱ्या टोकाचा आकडा उलटा दिसतो आणि इंग्रजी सहाचा नऊ होतो. अशा वेळी मुलाला मधली चिन्हं मोजायला सांगा.

पहिले काही दिवस एक्का ते पंजी एवढीच २० पानं पुरेत. दोघांनी दहा-दहा वाटून घ्यायची, आपापल्या गठ्ठ्यातलं वरचं पान उलटायचं, मोठं पान असेल त्यानं दोन्ही उचलायची. एवढ्यावर थांबलात तर मूल फक्त मोठं-लहान शिकेल. म्हणून ‘कितीनं मोठं?’ हे विचाराच, आणि जेवढा फरक तेवढे चिंचोके जिंकणाऱ्याला द्या. पंजी आणि दुर्री पडली तर तीन. खेळ संपला की सगळे चिंचोके परत डब्यात.

मग पूर्ण ४० पानं घेऊन बेरीज. अठ्ठी आणि तिर्री पडली. मूल दोन्ही पानांवरची चिन्हं एकापासून मोजून अकरा म्हणत असेल तर मोजू द्या, त्यात कमीपणा काही नाही. काही आठवड्यांनी अठ्ठी पालथी घाला, ‘आठ मनात’ म्हणा आणि तिर्रीच्या चिन्हांवर बोट ठेवायला लावा: नऊ, दहा, अकरा. उत्तर ‘दहा’ आलं, तर पहिल्या चिन्हावर बोट ठेवताना मूल ‘आठ’ म्हणालेलं असतं. अशा वेळी बरोबर उत्तर सांगून काही उपयोग नाही. ‘कसं मोजलंस, दाखव बघू’ म्हणा आणि ते कुठं घसरतं ते बघा. चुकलेल्या उत्तरातच कारण असतं, म्हणून चूक झाली की घाई करू नका.

या सगळ्यात आमचा सर्वात आवडता खेळ दहाच्या जोड्यांचा. दश्श्या काढल्या की ३६ पानं राहतात. त्यांतली १२ उताणी मांडा, चार-चारच्या तीन ओळींत. दहा होणारी जोडी उचलायची: नव्वी-एक्का, अठ्ठी-दुर्री, सत्ती-तिर्री, छक्की-चौकी, पंजी-पंजी. रिकाम्या जागी गठ्ठ्यातली पानं भरायची. कधी जोडीच जमत नाही, तेव्हा आणखी तीन पानं मांडायची. शेवटी बरोबर १८ जोड्या व्हायला हव्यात, कारण ३६ पानांची बेरीज १८० आहे. समजा दुर्री आणि सत्ती उरली, म्हणजे नऊ. तर कुठंतरी अकराची जोडी उचलली गेली आहे, बहुधा अठ्ठी-तिर्री. जोड्या परत उलगडून मुलालाच ती शोधू द्या. ही चूक शोधणं मुलांना जिंकण्याइतकंच आवडतं.

दोन अंकी संख्यांना मराठीची स्वतःची एक अडचण आहे. ‘तेवीस’ म्हणताना तीन आधी ऐकू येतो आणि मूल ३२ लिहितं. एकोणतीसमध्ये तर ‘तीस’च ऐकू येतं, म्हणून ३९. कागदावर दशक आणि एकक असे दोन चौकोन काढा, डावीकडे दुर्री आणि उजवीकडे तिर्री ठेवा आणि ‘वीस आणि तीन, तेवीस’ असं मोठ्यानं म्हणायला लावा. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस तीन’ असं वाचन आलं तेव्हा गदारोळ झाला. आमच्या मते दोन्ही शेजारी शेजारी ठेवावीत, एकासाठी दुसरं टाकू नये. या खेळात दश्शी नको, नाहीतर तिर्रीशेजारी ती आली की मूल ‘तीनशे दहा’ वाचतं. शून्य म्हणून गुलाम घ्या.

पाढ्यांसाठी छक्की मध्ये ठेवून दुसरं पान उलटत जा. सत्ती आली की सहा सत्ते बेचाळीस. बदामसात मात्र सगळ्या ५२ पानांनी खेळा. मुलं चढत्या क्रमानं भराभर मोजतात आणि उतरत्या क्रमात अडखळतात. इथं सातापासून दोन्हीकडं जावं लागतं. चौघांत वाटली की प्रत्येकाला येणारी तेरा पानं लहान हातात मावत नाहीत, ती सतरंजीवर उताणी मांडू द्या.

रोज १५ मिनिटं, घड्याळ न लावता. मोठा दादा शेजारी बसून आधीच उत्तर सांगत असेल तर त्याला पानं पिसण्याचं काम द्या. आणि जुलैत इथला पाऊस लागला की पानं सादळून एकमेकांना चिकटतात. दोन एकदम उलटली की मुलाचा हिशोब बिघडतो, आणि ती चूक मात्र त्याची नसते. चिमूटभर टाल्कम पावडर लावून पुसून घ्या, आणि आवरताना पुन्हा एकदा त्या १८ जोड्या लावायला सांगा. एखादं पान सतरंजीखाली राहिलं असेल तर त्याचा जोडीदार हातात उरतो.