मेची गर्दी, मृगाचा पाऊस आणि लावणीतली कावीळ

कोकणात प्रदूषण म्हटलं की लोटे-परशुरामचे रासायनिक कारखाने आणि दाभोळ खाडीतली मासेमारी आठवते. त्यावर बोलायलाच हवं. पण घरोघरची कमाई बुडवणारं एक प्रदूषण आपल्याच परड्यात आहे, शौचालयाचा शोषखड्डा आणि विहीर जवळजवळ असल्यामुळे होणारं.

मातीच्या जाड थरातून झिरपताना पाणी गाळलं जातं. जांभ्या दगडाच्या भेगांतून ते तसंच खाली उतरतं. त्यामुळे एरवी पुरेसं मानलं जाणारं 15 मीटरचं अंतर मला इथे कमीच वाटतं, आणि खड्डा विहिरीच्या वरच्या अंगाला असेल तर जास्त अंतराचाही भरवसा नाही. मे महिन्यात चाकरमानी येतात, होमस्टे भरतात, वर्षानुवर्षं न उपसलेल्या शौचालयाच्या टाकीवर ताण येतो. पाऊस लागला की सगळी घाण विहिरीकडे.

जुलाब लगेच दिसतात. हिपॅटायटिस ए आणि ई या काविळी मात्र साधारण दोन ते आठ आठवड्यांनी अंगावर येतात, म्हणजे ऐन भाताच्या लावणी-बेणणीत. मजुरी 500 रुपये धरा. कावीळ झालेल्याचे 25 दिवस आणि त्याची उस्तवार करणाऱ्याचे 8 दिवस गेले, तर 16,500 रुपये बुडाले. औषधपाणी वेगळं. तरवा वेळेत लागला नाही तर भाताचा उतारा घटतो तो वेगळाच. गरोदर बाईला ई प्रकारची कावीळ झाली तर जिवावर बेतू शकतं, त्याचा हिशोब पैशांत मांडताच येत नाही. जागतिक बँकेच्या जल व स्वच्छता कार्यक्रमाने अपुऱ्या स्वच्छतेमुळे भारताचं 2006 सालचं नुकसान जीडीपीच्या 6.4 टक्के काढलं होतं. तो आकडा अशाच घरांतून गोळा होतो.

उपाय स्वस्त आहे, पण नीट करायला हवा. 3 मीटर व्यासाच्या विहिरीत 4 मीटर पाणी असेल, तर ते सुमारे 28,000 लिटर भरतं. 33 टक्के क्लोरीनची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर 1,000 लिटरला अडीच ग्रॅम या हिशोबाने 70 ग्रॅम लागते. बादलीत थोड्या पाण्यात आधी लगदा करा, मग बादली पाऊण भरून ढवळा आणि 10-15 मिनिटं निवळू द्या. वरची निवळी दुसऱ्या बादलीत ओतून ती विहिरीत सोडा, दोर वरखाली करून पाणी घुसळा. तळाचा चुना विहिरीत टाकू नका, पाणी जड होतं. तासाभराने ओटी चाचणी करा, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलाय का हे पिवळ्या रंगावरून दाखवणारी ऑर्थोटोलिडिनची चाचणी. लिटरला 0.5 मिलिग्रॅम क्लोरीन उरलेला दिसला पाहिजे.

चुकतं कुठे? पहिल्या पावसाचं गढूळ पाणी क्लोरीन खाऊन टाकतं, त्यामुळे नेहमीची मात्रा कमी पडते. आणि दमट हवेत उघड्या पिशवीतली पावडर आठवड्यागणिक निकामी होत जाते. रोज पावडर टाकल्याची नोंद असते, पाण्यात क्लोरीन नसतो. म्हणून नोंदवहीपेक्षा ओटीचा पिवळा रंग बघा. रंग आला नाही तर ताजी पावडर घेऊन पुन्हा मात्रा द्या, आणि तोवर पाणी उकळूनच प्या.

ग्रामपंचायतीला पाण्याच्या तपासणीत लाल (म्हणजे जास्त धोका), पिवळं की हिरवं कार्ड मिळालंय, हे ग्रामसभेत विचारा. लाल असेल तर कोणत्या विहिरीमुळे, तेही. रस्त्याच्या डांबराआधी मी त्या विहिरीजवळचे शोषखड्डे हलवायला पैसे देईन.