कांदळवन वाढले, मग तक्रार कसली?

उपग्रहचित्रांवरून मुंबईतील कांदळवनांचे नकाशे करण्याचे काम मी करते हे कळले, की बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात. भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या २०१७ च्या अहवालात महाराष्ट्रातील कांदळवन ३०४ चौरस किलोमीटर होते, २०१९ च्या अहवालात ते ३२० झाले. मग ऱ्हासाची ओरड कशासाठी? तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून सविस्तर लिहिते.

आकडा खोटा नाही, पण तो बेरीज-वजाबाकीनंतर उरलेला आकडा आहे. ठाणे खाडीत गाळ साचून चिखलपट्ट्या उंचावल्या आणि त्यांवर तिवरांनी, म्हणजे कांदळवनातील झाडांनी, बस्तान बसवले, त्यामुळे खाडीच्या बाजूने हिरवा पट्टा पुढे सरकताना दिसतो. (ज्या उघड्या चिखलावर फ्लेमिंगो चरतात, तोच यात आक्रसतो, हे वाढीचे कौतुक करताना कोणी बोलत नाही.) जमिनीच्या बाजूची कड मात्र राडारोड्याच्या भरावाखाली जाते, किंवा एखादा बांध घालून भरतीचे पाणी अडवले की जागच्या जागी सुकते. एकीकडे मिळालेले आणि दुसरीकडे गेलेले क्षेत्र एकाच रकान्यात मांडले, तर नुकसान कागदावरून नाहीसे होते.

ही सुकलेली कड चित्रात ओळखणे सोपे नाही. जिवंत पान तांबडा प्रकाश शोषून घेते आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाश परावर्तित करते, या फरकावरून आम्ही हिरवाई मोजतो. परंतु पाणी अडवलेल्या जागी पावसाळ्यानंतर गवत माजते आणि तेही तितकेच हिरवे दिसते. म्हणून मी एप्रिल-मेमधील चित्रे घेते, कारण तोवर गवत वाळलेले असते आणि तिवर हिरवे असते. शिवाय ही चित्रे घेणारा सेंटिनेल-२ उपग्रह मुंबईवरून नेहमी सकाळी अकराच्या सुमारास जातो, पण भरती-ओहोटीची वेळ रोज बदलते, त्यामुळे दोन वर्षांची तुलना करताना दोन्ही चित्रे ओहोटीचीच निवडावी लागतात. नाहीतर पाण्याखाली गेलेली रोपे ‘तोडलेली’ ठरतात. या उपग्रहाच्या चित्रातील एक ठिपका (पिक्सेल) जमिनीवर १० मीटरचा असल्याने नाल्याकाठची एकेरी रांग त्यात नीट उमटत नाही.

तेथे चिखलात उतरण्याला पर्याय नाही. भरावाच्या काठाशी तिवराची श्वसनमुळे बोटभर वर आलेली असतात, आणि दोन पावलांवर तीच विटांच्या चुऱ्याखाली गाडलेली दिसतात. वरची पाने मात्र अजून तग धरून असतात. म्हणजे चित्रात तो ठिपका त्या वर्षी हिरवाच राहतो.

मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये कांदळवनाच्या तोडीला आणि भोवतालच्या ५० मीटरांतील बांधकामाला मनाई केली आणि २०१८ च्या निकालात ती कायम ठेवली. हे ५० मीटर मोजायचे तर कड नेमकी कोठे होती हे आधी ठरवावे लागते, आणि वाद नेमका त्या रेषेवर होतो. म्हणून ‘वाढले की घटले’ असे कोणी विचारले, की मी खाडीकडचा आणि जमिनीकडचा असे दोन आकडे वेगवेगळे देते. एकच हवा असा आग्रह झाला, तर जमिनीकडचा देते.