माटोळीच्या लेखातला आकडा

पणजीत एका मराठी पोर्टलचं तांत्रिक काम मी बघतो. चवथीच्या आदल्या संध्याकाळी आमच्या माटोळीवरच्या (गणपतीच्या वर टांगतात त्या रानफळा-फुलांच्या चौकटीवरच्या) लेखाचा पत्ता रिच रिझल्ट्स टेस्टमध्ये, म्हणजे पानातून गूगलला काय वाचता येतं ते दाखवणाऱ्या साधनात टाकला, तर मथळा, लेखक, तारीख, फोटो, सगळंच गायब. पानावर मात्र लेख नीट दिसत होता.

पानावर काय आहे हे सर्च इंजिनांना सांगायला कोडमध्ये जेसन-एलडी या ठरावीक मांडणीतला एक तुकडा असतो. त्यातली शब्दावली स्कीमा डॉट ऑर्गची. गूगल, बिंग आणि याहूने ती २०११ साली सुरू केली. लेखावर किती प्रतिक्रिया आल्या हे सांगायला त्यात ‘इंटरॅक्शन स्टॅटिस्टिक’ आहे: कृती कोणती आणि ती किती वेळा झाली. मी ओळ न् ओळ वाचली. स्वल्पविराम जागेवर, कंस बंद. तासाभराने नजर अडकली ती संख्येवर. ७१. देवनागरीत!

वाचकाला मराठी अंक दिसावेत म्हणून साइटची नवी थीम, म्हणजे नवा साचा, करणाऱ्यांनी कोडमधले आकडेही मराठी करून टाकले होते. जेसनमध्ये संख्या इंग्रजी अंकांतच लागते, नाहीतर अख्खा तुकडा बाद. जुन्या थीममध्ये हाच आकडा ‘युजर कमेंट्स’ या शब्दांना जोडून अवतरणचिन्हांत, म्हणजे संख्या नव्हे तर मजकूर म्हणून जायचा, म्हणून निभावलं. मराठी साइटचं काम घ्यायचं आणि तपासायचं इंग्रजी नमुन्यावर, याचा मला खरंच राग येतो.

संपादक म्हणाले, “हात लावतोच आहेस तर वाचनसंख्या घाल तिथे, आकडा मोठा दिसेल.” मी नाही म्हटलं. पान उघडणं म्हणजे प्रतिक्रिया नव्हे.

मग पानावरच्या प्रतिक्रिया मोजल्या. ६३. उरलेल्या ८ स्पॅममध्ये पडल्या होत्या आणि मोजणीत तरीही धरल्या जात होत्या. ७ जाहिराती होत्या. आठवी काणकोणच्या एका बाईंची, रोमी लिपीतली कोंकणी. आमच्या फिल्टरला ती कचरा वाटली. माटोळीला लागणाऱ्या घागऱ्यो कुठल्या झाडीत मिळतात, कांगलां देठासकट का काढायची, सासूबाईंनी दाखवलेली वाट कुठली, सगळं त्यांनी लिहिलं होतं. चार दिवस ते कुणी वाचलं नव्हतं.

ती प्रतिक्रिया मी पानावर आणली, कोडमध्ये इंग्रजी अंकांत ६४ गेलं, टेस्ट पास झाली. रात्री साडेनऊला घरी निघायचं सोडून मी जुन्या लेखांचे स्पॅम उघडत बसलो होतो.