तो कोणत्या तिथीला गेला? – रहस्यकादंबरीची पाचवी नोंद

मंडळी, दुसरा खर्डा बाराव्या प्रकरणापर्यंत आला आहे. शब्द 38 हजारांच्या आसपास. दिवाळीच्या आत पुरा करतो म्हणालो होतो, ते आता जमणार नाही. मधली सात प्रकरणं काढून टाकावी लागली.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात सांगतो. संगमेश्वर तालुक्यातली एक वाडी. घरं एकतीस, त्यातल्या नऊ घरांतच चूल पेटते. गौरी-गणपतीला सगळी कुलपं निघतात, अंगणात गाड्या लावायला जागा उरत नाही, आणि गौरी गेल्या की चार दिवसांत वाडी पुन्हा ओस पडते. त्यानंतरच्या पितृपक्षात, एका शुक्रवारी, सत्तरीतले आबा घरात मेलेले सापडतात. गिरणीत होते, 1982च्या संपानंतर गावी परतले ते कायमचे. दाराला बाहेरून कडी. डॉक्टर सांगतात, मृत्यू दोन ते चार दिवसांपूर्वीचा, त्याहून नेमकं सांगता येणार नाही. घाव नाही, विष नाही.

खून झाला का, यावर माझी गोष्ट उभी नाही. ते गेले कधी, हा प्रश्न आहे. आबांनी पुतण्याला जमिनीचं कुलमुखत्यारपत्र, म्हणजे आपल्या वतीने व्यवहार करायचा लेखी अधिकार, दिलेलं होतं आणि त्या मंगळवारी पुतण्याने तालुक्याला खरेदीखत नोंदवलं. देणारा मेला की कुलमुखत्यारपत्र संपतं, म्हणजे आबा सोमवारी गेले असतील तर व्यवहार कोसळतो, असं मी धरून चाललो होतो.

ते पुरेसं नव्हतं. आपल्यातल्याच एका वकीलताईंनी खर्डा वाचून 1872च्या करार कायद्याचं कलम 208 दाखवलं. मुखत्याराचा अधिकार संपला, ही गोष्ट त्याला कळेपर्यंत त्याच्यापुरता तो संपत नाही. खरेदीदाराच्या बाबतीतही तेच. मग आबा कधी गेले याच्या जोडीला पुतण्याला कधी कळलं, हा प्रश्न आला आणि सात प्रकरणं पडली. पण तेव्हापासून ती बाहेरची कडी एकदम जड झाली. पहिल्या खर्ड्यात ती मी नुसती वातावरणासाठी ठेवली होती. आता विचारावं लागतं: दार उघडून, बघून, पुन्हा ओढून घेणारं कोण? ताई, तुमचे मनापासून आभार.

(एक किरकोळ दुरुस्तीही केली. पंचनाम्यात मी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 174 घातलं होतं. माझं कथानक 1 जुलै 2024 नंतरचं आहे, म्हणून तिथे त्या तारखेपासून तिच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेचं 194 हवं. अकस्मात मृत्यू लिहिणाऱ्यांनी तारीख पाहून घ्या.)

आता खरा पुरावा. फळीवर रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी, पंधरांची. औषधवाल्याच्या पावतीवर शनिवार. रविवारपासून रोज एक. पट्टीत सहा उरल्यात, म्हणजे नऊ घेतल्या; नववी पुढच्या आठवड्यातल्या सोमवारी. पोलिसांचा हिशेब इथे थांबतो आणि खत रद्द करू पाहणाऱ्या आबांच्या मुलीच्या वकिलाचाही. सोमवारी रात्री गेले, मंगळवारचं खत मेल्यानंतरचं.

शेजारची काकी मात्र बोटांवर मोजते. तिला कुणी विचारलेलंच नसतं. चौदाव्या प्रकरणात मुलगी डोंबिवलीहून येऊन तिच्या पडवीत बसते तेव्हा ती म्हणते, ‘बाय, संकष्टीला नि एकादशीला तो गोळी घेत नव्हता. उपाशीपोटी नको म्हनायचा.’ रविवारी वद्य द्वितीया होती. पुढे मंगळवारी संकष्टी आणि त्याच्या पुढच्या मंगळवारी एकादशी. दोन दिवस वगळले की नववी गोळी बुधवारी, द्वादशीला पडते. खत नोंदवलं तेव्हा आबा जिवंत होते.

मुलीला तिथी मिळते आणि जमीन जाते. कोर्टात दशमी म्हणायचं आणि दरवर्षी पान वाढायचं द्वादशीला, हे तिला जमेल का? तिथी माहीत नसलेल्यांचं श्राद्ध सर्वपित्री अमावास्येला करतात, तशी पळवाट तिला आहे, भटजी सुचवतातही. ती घेत नाही, एवढं मला पक्कं माहीत आहे. पुढचं मी मुद्दाम इथे लिहीत नाही.

माझ्या एका आत्येची तिथी आमच्या घरात कुणालाही ठाऊक नाही. ती गावच्या घरात एकटी असायची. अमावास्येला सगळ्यांबरोबर तिचंही पान वाढतात, आणि लहानपणापासून त्या पानाकडे बघितलं की मला वाटायचं, कुणीतरी शेजारपाजारी एकदा जाऊन विचारायला हवं होतं. ही कादंबरी तिथूनच आली.

अडलोय ते काकीपाशी. ती रोज संध्याकाळी आबांना भाकरी द्यायची. मग गुरुवारी का गेली नाही? आजारी पाडणं सोपं आहे, पण ते खोटं वाटतं. सध्या असं धरलंय की ती गेली होती. कडी दिसली, आबा बाजारला गेले असतील म्हणून भाकरी ओट्यावर झाकून परत फिरली. मग शुक्रवारी ओट्यावर ती भाकरी तशीच दिसायला हवी, पंचनाम्यात नोंदली जायला हवी, आणि वाचकाने ती तिसऱ्या प्रकरणात वाचून पुढे जायला हवं. वाडीत माकडं आहेत, कुत्री आहेत. भाकरी दिवसभर उरेल कशी? पाट्याखाली ठेवली तर? कोकणातल्या घरातल्या कुणी ओट्यावर जेवण झाकून ठेवताना पाहिलं असेल, तर वर वजन म्हणून काय ठेवतात ते सांगा. शनिवारी मी तिसरं प्रकरण पुन्हा लिहायला घेतोय.